तुमची मुलगी पबमध्ये काम करते, हे तिला सांगू द्या

ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या मराठी मुलामुलींच्या आई-वडिलांस,



मी बर्मिंगहॅममधल्या एका पबची मॅनेजर आहे. मूळची सातारा जिल्ह्यातली. इथे शिकायला आले, शिकता शिकता पबमध्ये काम केले आणि पुढे हाच व्यवसाय निवडला. आता माणसे कामावर घेण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. सप्टेंबरात विद्यापीठे सुरू झाली की अर्ज येऊ लागतात आणि त्यांत पुणे, नाशिक, लातूर, कोल्हापूर इथली नावे हमखास असतात. मुले हुशार असतात, कामाला चटपटीत असतात. मात्र त्यांतली बरीचशी मुलाखत संपता संपता आवाज खाली करून विचारतात, ‘तुम्ही स्टाफचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकता का? टाकत असाल तर माझा नको. घरी सांगितलेलं नाही.’

घरी सुपरमार्केटमध्ये काम मिळाल्याचे सांगितलेले असते, किंवा लायब्ररीत. शुक्रवारी रात्री तुमचा फोन आला आणि उचलला नाही, तर दुसऱ्या दिवशी ‘अभ्यास करत होते’ असे उत्तर तुम्हाला मिळते. ही मुले खोटारडी नाहीत. तुम्हाला दुखवायचे नाही म्हणून ती असे करतात. पण परक्या देशात एकट्या राहणाऱ्या विशी-बाविशीतल्या मुलाला स्वतःच्या कष्टाबद्दल घरी खोटे बोलावे लागणे मला सहन होत नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

तुमच्या मनात काय येते, ते मला ठाऊक आहे. आपल्याकडे दारूने घरे बुडवली आहेत. माझ्या गावात दिवसाची मजुरी संध्याकाळी गुत्त्यावर सोडून येणारी माणसे होती आणि त्यांच्या बायका रात्री पोरांना घेऊन शेजारी झोपायला येत. आपल्याकडच्या बायांनी ग्रामसभा गाजवून, ‘उभी बाटली की आडवी बाटली’ असे मतदान घेऊन गावातली दुकाने बंद पाडली. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद, हा अधिकार त्यांनी लढून मिळवला. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरने 2015 ते 2021 अशी सहा वर्षे ती पाळून पाहिली. या सगळ्यामागे खरे दुःख आहे आणि ते कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. दारू चांगली असते, असेही मी कुठे म्हणणार नाही. दारू विकणाऱ्या जागेत तुमचे मूल नेमके काय काम करते आणि ते करता करता काय शिकते, एवढेच मला सांगायचे आहे.

‘बार’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काळ्या काचांची परमिट रूम येते. आत अंधार, बाहेर पडताना तोंड लपवणारी माणसे. इथला पब ही वेगळी जागा आहे. दुपारी बाराला दार उघडते. पहिल्यांदा येतात ते निवृत्त लोक, वर्तमानपत्र आणि अर्धा पिंट घेऊन दोन तास बसणारे. रविवारी दुपारी आजी-आजोबा, सून, मुलगा आणि उंच खुर्चीत बसवलेले तान्हे मूल असे आख्खे कुटुंब भाजलेले मांस आणि बटाटे खायला येते. आठवड्यातून एकदा प्रश्नमंजूषा असते. अंत्यविधीनंतर लोक इथेच जमतात, मुलाच्या बारशानंतरही इथेच. नुसता चहा किंवा लिंबूसरबत घेऊन बसले तरी कुणी भुवया उंचावत नाही. गल्लीतल्या लोकांची ही सामायिक बैठकीची खोली आहे आणि बारमागे उभे राहणारे पोर त्या खोलीचे यजमान असते.

आता तुमच्या मुलीची शिफ्ट कशी असते, ते सांगते. पाच वाजता आली की आधी फ्रीज तपासायचे, काय कमी आहे ते बघून खाली तळघरातल्या सेलरमधून बाटल्या आणून भरायच्या, जुन्या तारखेच्या पुढे आणि नव्या मागे. सेलर अकरा ते तेरा अंश सेल्सियसवर ठेवावा लागतो, नाहीतर पिंपातली बिअर बिघडते. तिथे कार्बन डायऑक्साइडच्या टाक्या असतात. वायू गळला तर माणूस बेशुद्ध पडू शकतो, म्हणून अलार्म वाजला की आत पाऊलही टाकायचे नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवले जाते. बिअरच्या नळ्या दर आठवड्याला रसायनाने धुवायच्या. पिंट म्हणजे 568 मिलीलीटर. फेस किती आला तर चालेल, याचेही संकेत ठरलेले आहेत. जिन किंवा व्हिस्की 25 किंवा 35 मिलीलीटरच्या मापानेच ओतायची, अंदाजाने ओतणे कायद्यात बसत नाही. गिऱ्हाईकाने विचारल्यास पदार्थात कुठले ॲलर्जीचे घटक आहेत, ते अचूक सांगायचे. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला चुकीचे सांगितले तर जीव जाऊ शकतो.

सातनंतर गर्दी होते. इथल्या पबमध्ये बारसमोर रांग लागत नाही, लोक आडवे पसरून उभे राहतात. तरीही रांग असतेच. कोण कुणाच्या आधी आले, हे प्रत्येकाला माहीत असते आणि बारमागच्या माणसालाही माहीत असावे लागते. केट फॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी इंग्रजांच्या चालीरीतींवरच्या पुस्तकात या अदृश्य रांगेचे सुंदर वर्णन केले आहे. सहा माणसे एकाच वेळी तुमच्याकडे बघताहेत, हातातला ग्लास भरतो आहे, कानावर पुढची ऑर्डर पडते आहे, आणि डोक्यात ‘हिरव्या स्वेटरवाले काका, मग त्या दोघी, मग तो उंच मुलगा’ असा क्रम चालू आहे. ज्याची पाळी चुकली तो ओरडत नाही, पण परत येत नाही. आमच्याकडे मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी करणारी एक मुलगी होती. प्रयोगशाळेत एका वेळी चार नमुने सांभाळताना पूर्वी गोंधळ व्हायचा, आता होत नाही, असे तिने मला सांगितले. मला त्याचे नवल वाटले नाही.

पण या सगळ्याहून मोठी एक गोष्ट ती इथे शिकते. ती म्हणजे नाही म्हणणे.

आपण आपल्या मुलांना, विशेषतः मुलींना, मोठ्यांपुढे मान खाली घालायला शिकवतो. त्यात माया असते, संस्कारही असतात. पण त्याचा परिणाम असा होतो की, वयाने मोठा, आवाजाने मोठा, अंगाने मोठा माणूस समोर आला की त्यांचा शब्द घशातच अडकतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2003 चा परवाना कायदा लागू आहे. त्यानुसार अठरा वर्षांखालच्या कुणालाही दारू विकणे गुन्हा आहे, आणि आधीच झिंगलेल्या माणसाला विकणे हाही गुन्हा आहे. हे गुन्हे मालकापुरते नसतात. ज्या हाताने ग्लास दिला त्या माणसावरही ते लागतात. अल्पवयीन मुलाला दारू दिली तर पोलीस बारमागच्या पोराला जागेवर 90 पौंडांचा दंड करू शकतात आणि खटला झाला तर त्याहून बरेच जास्त. म्हणून आम्ही पंचविशीखालचा वाटणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागतो. पासपोर्ट, वाहन परवाना किंवा सरकारमान्य होलोग्राम असलेले कार्ड. नसेल तर ग्लास मिळत नाही, कितीही आर्जवे केली तरी.

म्हणजे होते काय? बावीस वर्षांची तुमची मुलगी बारमागे उभी आहे. समोर पन्नाशीचा, सहा फुटी माणूस. चौथी डबल व्हिस्की मागतो आहे, आणि त्याची जीभ जड झाली आहे. तिने शांतपणे म्हणायचे असते, ‘आज आता तुम्हाला आणखी देता येणार नाही. पाण्याचा ग्लास देऊ का?’ नळाचे पाणी फुकट द्यायचे बंधन परवान्यातच आहे, त्यामुळे ते ती लगेच पुढे करते. तो चिडतो. मॅनेजरला बोलाव म्हणतो. मी येते आणि तिचाच शब्द पुन्हा उच्चारते. कारण आमच्याकडे नियम आहे : ज्याने नकार दिला त्याचा नकार वरच्या माणसानेही मोडायचा नाही. मग नकारवहीत नोंद होते. वेळ, कारण, सही. ती सही त्या बावीस वर्षांच्या मुलीची असते.

पहिल्यांदा नकार दिल्यावर बहुतेक मुलांचे हात थरथरतात. महिनाभराने आवाज स्थिर होतो. मग ती खोलीचा भाडेकरार वाचताना घरमालकाला प्रश्न विचारू लागतात, प्रोजेक्टमधल्या आळशी सहकाऱ्याला ‘तुझा भाग तू कर’ असे सांगू लागतात. एका मुलाने मला सांगितले की पबमध्ये काम करायच्या आधी त्याने आयुष्यात कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला थेट नकार दिला नव्हता. तो आता एका रुग्णालयात काम करतो, जिथे रोज नातेवाईकांना नको असलेली उत्तरे द्यावी लागतात.

दारूबद्दल तुमची भीती रास्त आहे, म्हणून तीही मोकळेपणाने बोलते. आमच्याकडे शिफ्टवर असताना पिणे पूर्ण बंद आहे. रात्री अकराला त्या खोलीत शुद्धीवर असलेली जी माणसे असतात, त्यांत तुमचे मूल असते. दारूने माणसाचे काय होते, हे ते आठवड्यातून तीन वेळा स्वच्छ डोळ्यांनी पाहते. हुशार माणूस तोच किस्सा चौथ्यांदा कसा सांगतो, नवरा-बायकोत क्षुल्लक कारणावरून ठिणगी कशी पडते, स्वच्छतागृहाची फरशी कुणाला पुसावी लागते. यातून अनेक मुले दारूपासून दूर राहायला शिकतात. सगळीच नाही. शिफ्ट संपल्यावर स्टाफने एकत्र बसून पिण्याची चाल काही ठिकाणी आहे, आणि ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही तो तिथे वाहवत जाऊ शकतो. मी ते पाहिले आहे. अशा मुलाशी घरचे मोकळेपणाने बोलत असतील तर तो लवकर सावरतो. घरी माहीतच नसेल, तर तो कुणाशी बोलणार?

भाषेचेही बोलले पाहिजे. आपली मुले आयईएलटीएसमध्ये साडेसात गुण घेऊन येतात आणि बर्मिंगहॅमच्या बसचालकाचे पहिले वाक्य त्यांना कळत नाही. इथली बोली वेगळी, पाच-सात कोसांवरच्या ब्लॅक कंट्री या भागाची त्याहून वेगळी, ग्लासगोकडून आलेल्या माणसाची तर तिसरीच. वर्गात प्राध्यापक सावकाश बोलतात आणि आपली मुले आपसांत मराठी-हिंदी बोलतात. मी कित्येक मुले अशी पाहिली, ज्यांनी वर्षभरात एकाही इंग्रज माणसाशी दहा मिनिटे सलग गप्पा मारल्या नव्हत्या. पदवी घेतली, परत गेली, देश मात्र पाहिलाच नाही. बारमागे तीन महिने काढलेल्या पोराला निवृत्त पोस्टमन, नर्स, विटा रचणारा गवंडी, वकील, बेकार तरुण असे सगळे भेटतात आणि त्यांच्याशी बोलणे हेच त्याचे काम असते. इथे एक गोड रीत आहे. गिऱ्हाईक खूश झाले की पैसे देताना म्हणते, ‘एक तुझ्यासाठीही घे.’ मुलाने स्वतःसाठी संत्र्याचा रस ओतून घेतला किंवा तेवढे पैसे टिपच्या बरणीत टाकले तरी चालते. कुणीतरी आपल्याला माणूस म्हणून विचारले, याचे मोल पहिल्या हिवाळ्यात कळते, जेव्हा दुपारी चारलाच अंधारून येते आणि हॉस्टेलच्या खोलीत भिंतीशिवाय बोलायला कुणी नसते.

या पबच्या बारशी आपल्या लोकांचे आणखी एक जुने नाते आहे, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बर्मिंगहॅमला लागूनच स्मेथिक नावाचे गाव आहे. 1950 आणि 60 च्या दशकांत तिथल्या ओतशाळांत हजारो भारतीय, बहुतेक पंजाबी, भट्टीपाशी राबत होते. पाळी संपल्यावर घशाला कोरड पडलेली ही माणसे पबमध्ये गेली की त्यांना चांगल्या खोलीत बसू देत नसत. काही पबांत पाऊलच टाकू देत नसत. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतारसिंग जौहल स्वतः ओतशाळेत काम करत. त्यांनी विद्यापीठातल्या गोऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेतले. विद्यार्थी आधी जाऊन मागवत, त्यांना मिळे. मागून भारतीय जात, त्यांना नाकारले जाई. आणि हा पुरावा परवान्याच्या नूतनीकरणाला हरकत घेताना वापरला जाई. 12 फेब्रुवारी 1965 रोजी अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेथिकला आले. जौहल त्यांना ब्लू गेट्स नावाच्या पबमध्ये घेऊन गेले, आणि रंगभेद पाळणाऱ्या त्या खोलीत त्यांनाही नकार मिळाला. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्स यांची हत्या झाली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा झाला आणि पबसारख्या सार्वजनिक जागी वर्णावरून माणसाला नाकारणे बेकायदा ठरले.

आज स्मेथिक आणि शेजारच्या वेस्ट ब्रॉमविचमध्ये पंजाबी मालकांचे ‘देसी पब’ आहेत. तिथे तंदूरमधून निघालेली वाफाळती थाळी समोर ठेवून गोरे-सावळे एकत्र फुटबॉल बघतात. ज्या बारसमोर उभे राहण्याचा हक्क आपल्या माणसांना भांडून मिळवावा लागला, त्याच्या मागे आज तुमची मुलगी उभी आहे आणि कुणाला द्यायचे, कुणाला नाही, हे कायद्याने ती ठरवते आहे. यात लाजण्यासारखे काय आहे?

मुलीच्या बाबतीत तुमचा जीव जास्त धास्तावतो, हे मला माहीत आहे. आपल्या देशातही हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 1914 च्या पंजाब अबकारी कायद्याचे तिसावे कलम दिल्लीत लागू होते. लोक जिथे दारू पितात त्या जागी पंचविशीखालच्या पुरुषाला आणि कुठल्याही वयाच्या स्त्रीला कामावर ठेवायला त्यात मनाई होती. दिल्ली उच्च न्यायालयाने स्त्रियांवरची बंदी घटनाबाह्य ठरवली, आणि अनुज गर्ग विरुद्ध हॉटेल असोसिएशन ऑफ इंडिया या खटल्यात डिसेंबर 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. बाई सुरक्षित नसेल तर जागा सुरक्षित करणे हे सरकारचे काम आहे, सुरक्षेच्या नावाखाली तिची रोजी काढून घेता येणार नाही, असे त्या निकालाचे सार आहे. मुंबईत शतभी बासू यांच्यासारख्या बाईने 1980 च्या दशकातच बारमागे उभे राहून नाव कमावले आणि पुढे कितीतरी मुलामुलींना या कामाचे शिक्षण दिले.

इथल्या चांगल्या पबमध्ये मुलीला एकटीला बंद करायला ठेवत नाहीत. कॅमेरे असतात, शनिवार-रविवारी दारावर परवानाधारक रक्षक असतात. 2016 मध्ये लिंकनशायरमध्ये सुरू झालेली एक पद्धत आता देशभर पसरली आहे : पबमध्ये आलेल्या कुणालाही सोबतच्या माणसाची भीती वाटली, तर बारपाशी येऊन ‘अँजेला आहे का?’ असे विचारायचे. स्टाफला इशारा कळतो. त्या मुलीला आतल्या खोलीत नेऊन बसवायचे, टॅक्सी बोलवायची, गरज पडली तर पोलीस. आमच्याकडे अँजेलाला विचारत आलेल्या एका घाबरलेल्या मुलीला आत नेऊन तिच्याशेजारी बसलेली पोरगी आपल्या सांगलीची होती. एम. टेक. करत होती. घरी तिने यातले काही सांगितले नव्हते, कारण पबचे नावच घेता येत नव्हते. तिच्या आईला हे कळले असते तर ऊर भरून आला असता, असे मला राहून राहून वाटते.

आता पैशाचे थोडक्यात. पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षणासाठी विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येते. आठवडा सोमवार ते रविवार मोजतात आणि दोन ठिकाणी काम केले तरी बेरीज वीसच्या आत हवी. एक वर्षाच्या मास्टर्सवाल्यांनी नीट लक्षात ठेवावे : उन्हाळ्यात प्रबंध लिहिण्याचा काळ सहसा सत्रातच धरतात, तेव्हाही वीसच. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्यांचे किमान वेतन एप्रिल 2025 मध्ये तासाला 12.21 पौंड झाले, आणि ते दर एप्रिलमध्ये बदलते. त्या दराने सोळा तासांचे 195 पौंड होतात. यातून खोलीभाड्याचा मोठा भाग, किराणा आणि बसपास निघतो. फी निघत नाही. ‘पार्टटाइम करून फी फेडता येईल’ असे सांगणाऱ्या एजंटाच्या भरवशावर कर्ज काढू नका.

याशिवाय तुमच्या मुलीला भरपगारी रजा मिळते. काम केलेल्या प्रत्येक तासामागे सुमारे सव्वासात मिनिटे जमा होतात. सहा तासांहून मोठ्या शिफ्टमध्ये वीस मिनिटांची सुटी मिळते. ऑक्टोबर 2024 पासून लागू झालेल्या कायद्याने टिपचा प्रत्येक पेनी कर्मचाऱ्यांना द्यावा लागतो, मालकाला त्यातून काही कापता येत नाही.

पण हे हक्क उजेडात काम करणाऱ्यालाच मिळतात. विदर्भातला एक मुलगा आमच्याकडे आला तेव्हा त्याची आधीच्या जागेवरची कित्येक आठवड्यांची मजुरी बुडाली होती. ते एक खाण्याचे ठिकाण होते, तिथे पेस्लिप नव्हती, रोख पैसे आणि तेही मालकाच्या मर्जीने. वीसपेक्षा जास्त तास राबवून घेतले होते, त्यामुळे तक्रार केली तर व्हिसाच जाईल, अशी धमकी त्याला दिली जात होती. त्याने हे कुणाला सांगितले नाही. घरी तर अजिबातच नाही, कारण काम कसले ते सांगितल्यावर ‘कशाला गेला होतास तिकडे?’ हाच पहिला प्रश्न येईल, हे त्याला माहीत होते. घरच्यांच्या लाजेचा फायदा असले मालक पुरेपूर घेतात. मूल घरी बोलत असेल, तर हे पहिल्याच आठवड्यात उघडकीला येते. तुम्ही साताऱ्यात किंवा अकोल्यात बसूनही विचारू शकता, ‘पेस्लिप आली का? दाखव बरं.’ सल्ल्यासाठी इथे एकॅस नावाची सार्वजनिक संस्था आहे, तिच्या हेल्पलाइनवर सल्ला मोफत मिळतो.

मी सातारची, म्हणून कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव घेतल्यावाचून हे पत्र पुरे होणार नाही. 1919 मध्ये त्यांची रयत शिक्षण संस्था निघाली आणि तिच्या वसतिगृहांतल्या मुलांनी शेतात राबून, खडी फोडून, भाकऱ्या थापून शिक्षण घेतले. माझे आजोबा त्यांतलेच. पुणे विद्यापीठाची ‘कमवा आणि शिका’ योजना आजही भाऊरावांच्या नावाने चालते. मुंबईत कितीतरी मुलांनी दिवसा हॉटेलात कपबशा विसळल्या आणि रात्रशाळेत मॅट्रिक केले. त्या कष्टांची आपण भाषणांत तारीफ करतो. नातीने बर्मिंगहॅममध्ये ग्लास विसळले, तर ते कष्ट वेगळ्या जातीचे का ठरावेत? ग्लासात काय होते, एवढाच फरक असेल, तर तो फरक तिने नीट ओळखला आहे. अती पिणाऱ्याला ती थांबवते, वेळ पडली तर त्याला घरी धाडण्यासाठी टॅक्सीही बोलवते.

प्रत्येकाने हे काम करावे, असे मी म्हणत नाही. ज्याच्या घरात दारूने कुणाचा बळी घेतला आहे, त्याला तो वास सोसवणार नाही, आणि त्याने स्वतःवर जबरदस्ती करू नये. परीक्षा तोंडावर असताना रात्री बाराला संपणाऱ्या शिफ्ट घेऊ नयेत. समजूतदार मॅनेजर कामाच्या वेळा बदलून देतो, न देणाऱ्याकडे काम करू नये. धर्माने किंवा मनाने दारूला हात लावायचा नसेल, तर कॅफेत, दुकानात, विद्यापीठात कामे असतात. निवड मुलांची असावी. फक्त लाजेपोटी नसावी.

तर एवढे करा. या आठवड्यात फोन झाला की तुम्हीच विषय काढा. ‘तू बारमध्ये काम करत असशील तरी आम्हाला चालेल, फक्त सांग,’ असे म्हणा. मग विचारा : शिफ्ट किती वाजता संपते? शेवटची बस चुकली तर घरी कशी येतेस, टॅक्सीचे पैसे पब देतो का? वीस तासांचा हिशेब कोण ठेवते? तुझ्याबरोबर बंद करायला कोण असते? कुणी त्रास दिला तर मॅनेजर तुझ्या बाजूने उभी राहते का? या प्रश्नांची उत्तरे बरी नसतील, तर जागा बदलायला सांगा, बारकाम सोडायला नव्हे. बऱ्या जागा इथे पुष्कळ आहेत.

हिवाळ्यात आमच्याकडे रात्री साडेअकराला शिफ्ट संपते तेव्हा तुमच्याकडे पहाटेचे पाच वाजलेले असतात. तुमच्यापैकी अनेकजण त्या वेळी उठलेले असतात. बसस्टॉपपासून खोलीपर्यंतची दहा मिनिटे तुमची मुलगी तुमच्याशी फोनवर बोलत चालू शकते. आमच्या इथल्या मुलींपैकी ज्यांच्या घरी माहीत आहे, त्या तसेच करतात.

आपली,
बर्मिंगहॅममधली एक पब मॅनेजर